पंचक्रोशीतली पिवळी बस

काकांनी कुणाला 'नाही' म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. जिथे तुम्हीआम्ही 'नाही' म्हणून मोकळे होतो, तिथे ते 'अर्थिंग' म्हणत. पुतण्यानं मुलाच्या मुंजीसाठी त्यांची बस मागितली तेव्हा म्हणाले, "ने की, तुझीच आहे. फक्त अर्थिंग जरा गडबड आहे." गणेशोत्सव मंडळानं अध्यक्ष व्हायचा आग्रह केला तेव्हाही म्हणाले, "होतो ना, अर्थिंग झालं की होतो." अध्यक्षपदाचा आणि अर्थिंगचा संबंध काय, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. रेल्वेच्या डब्यांतले दिवे आणि पंखे सांभाळण्यात उभी नोकरी गेलेला माणूस. त्याला विजेचं काही विचारून आपलं अज्ञान कोण उघडं करून घेणार?

काकूंनी जबलपूरचं नाव काढलं की मात्र उत्तर जरा लांब असायचं. "निघू ना! मी काय नको म्हणतो? तेवढं अर्थिंग झालं की निघालोच." हे वाक्य मी बनारसला होतो तितकी वर्षं ऐकलं.

बँकेनं मला नाशिकहून उचलून बनारसला टाकलं होतं. बायकोची नोकरी नाशकात, त्यामुळे माझ्यासोबत आली ती फक्त माझी जुनी व्हॅन. मागच्या सीटा काढून मी तिच्यात एक पलंग, एक शेगडी आणि टपावर सोलर पॅनल बसवलं होतं. सुट्टी आली की गाडी काढायची, एखाद्या धरणाच्या काठी मुक्काम टाकायचा, पिठलं करायचं आणि स्वतःला फार मोठा प्रवासी समजायचं, हा माझा छंद. बनारसच्या गल्लीत सायकल लावायला जागा नाही, तिथे व्हॅन कुठे लावणार? बँकेतल्या एकानं सांगितलं की कंदव्याजवळ पंचक्रोशीच्या रस्त्याला लागून एक आमराई आहे, तिथे असली फिरती घरं घेऊन हिंडणारे लोक थांबतात. मालक भला माणूस आहे, नळ देतो, विजेचं कनेक्शन देतो.

मी आमराईत व्हॅन लावली आणि उतरायला दार उघडलं, तर खालून आवाज आला, "जरा थांब, पाय खाली टाकू नकोस."

गाडीखाली एक गृहस्थ उताणे झोपले होते. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, अंगात खादीचा कुर्ता, दातात टेस्टर. गाडी थांबून एक मिनिटही झालं नसेल. ते खाली केव्हा शिरले, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

"एमएचचा नंबर दिसला," ते बाहेर सरकत म्हणाले. "मराठी ना? आम्ही दूधविनायक गल्लीतले. चार पिढ्या काशीत आहोत. अर्थिंग बघू का?"

"नको, ठीक आहे सगळं."

"ठीक वाटतं रे. सगळ्यांना ठीकच वाटतं." आणि त्यांनी बॉनेट उघडलं.

त्या दिवसापासून माझ्या व्हॅनचं डावं इंडिकेटर दिलं की हॉर्न वाजायला लागला. तक्रार करायचं मनात होतं, पण बनारसच्या रस्त्यावर कुणाला फरकच कळला नाही, तेव्हा मीही विषय सोडून दिला.

काकांची स्वतःची गाडी म्हणजे एका शाळेनं मोडीत काढलेली मिनीबस. ती त्यांनी विकत आणली, आत भिंती घातल्या, ओटा केला, खिडक्यांना पडदे लावले, पण बाहेरचा पिवळा रंग तसाच ठेवला. आपत्कालीन दरवाजा जिथे होता तिथे काकूंच्या लोणच्याच्या बरण्या होत्या. 'वर्गखोलीसारखी शांतता पाळा' ही पाटी बरोबर काकूंच्या ओट्यावर होती आणि काकांचं म्हणणं असं की तेवढ्यासाठीच त्यांनी ही बस पसंत केली.

बस घ्यायचं खरं कारण काकूंचे गुडघे. दूधविनायकातलं त्यांचं बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर, संडास तळमजल्यावर, आणि मधला जिना शिडीपेक्षा थोडासाच सभ्य. काकूंचा निम्मा दिवस खाली जायच्या विचारात आणि निम्मा वर येण्यात जायचा. काकांनी बसला बेताच्या उंचीची घडीची पायरी केली, रेल्वेच्या डब्याच्या दाराशी असतो तसा पितळी दांडा लावला आणि मागच्या कोपऱ्यात एक पांढराशुभ्र कमोड बसवला. तो त्यांचा अभिमान होता. पाहुणा आला की त्याला आधी कमोड दाखवायचा आणि मग पाणी विचारायचं, हा घरचा शिरस्ता. एका फ्रेंच बाईंनी तो ज्या भक्तिभावानं पाहिला, तितक्या भक्तिभावानं घाटावरची आरतीसुद्धा पाहिली नसेल.

बसमधलं वायरिंग मात्र फक्त काकांना कळायचं. कुठलंही बटण त्याच्या शेजारच्या वस्तूशी संबंध ठेवून नव्हतं. पंख्याचं बटण शेगडीखाली, पाण्याच्या पंपाचं ड्रायव्हरच्या डोक्यावर, आणि कमोडजवळचं बटण दाबलं की पुढचे दिवे लागायचे. मी एकदा भीतभीत विचारलं.

"बटण कुठे पाहिजे? जिथे हात पोचतो तिथे," काका म्हणाले. "दिवा कुठे पाहिजे? जिथे अंधार आहे तिथे. दोघांनी एकमेकांच्या शेजारीच राहायचं, हा कुठला कायदा? तुझी बायको नाशकात नाही का?"

ब्रेक दाबला की देवघरातला दिवा लागायचा. ही मात्र चूक नव्हती, मुद्दाम केलेली सोय होती. काकांच्या मते माणसाला ब्रेक दाबायच्या वेळीच देव आठवतो.

आमराईतली संध्याकाळ ही काकांची खरी बैठक. थंडीच्या दिवसांत चार-पाच फिरती घरं तरी मुक्कामाला असायची. काका कुर्त्याच्या खिशात पेचकस आणि टेस्टर घालून प्रत्येक गाडीच्या दाराशी जायचे. दुसरा कुणी शेजाऱ्याकडे जाताना लाडू नेईल, काका पेचकस नेत. "अर्थिंग बघू का?" म्हणजे "बसू का जरा?" हे एकदा कळलं की पुढचं सोपं होतं. लोक हो म्हणायचे, एखादं बिनमहत्त्वाचं बटण उघडून द्यायचे, आणि मग दोन तास गप्पा व्हायच्या. कुठून आलात, वाटेत काय खाल्लं, घाट कसा होता, रस्ता खराब कुठे लागला. काका पेचकस हातातच विसरून ऐकत राहायचे. लहान मुलासारखे मध्येच "मग?" म्हणायचे.

कोट्टयमचे कुरियनसाहेब आणि त्यांच्या पत्नी लीलाबाई दर हिवाळ्यात आमराईत येऊन महिनाभर राहत. निवृत्तीनंतर त्यांनी एक व्हॅन सजवून घेतली होती आणि देशभर फिरत होते. काकांनी त्यांचा फ्रिज दुरुस्त केला. त्यानंतर तो फ्रिज रेडिओ चालू असेल तरच थंड व्हायचा. कुरियनसाहेब सज्जन माणूस. "दादा, फ्रिज चलता है, लेकिन गाना भी चलता है," एवढंच म्हणाले, आणि मासे खराब होऊ नयेत म्हणून भोजपुरी गाणी ऐकत कोट्टयमपर्यंत गेले. पुढच्या वर्षी परत आले तेव्हा त्यातली दोन पाठ होती. लीलाबाई आणि काकू या दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. एकीनं मल्याळममध्ये सांगायचं, दुसरीनं मराठीत उत्तर द्यायचं, आणि दोघींचा वाद कधी झाला नाही.

आता इतकी सगळी तयारी असलेली बस आमराईतून हलत का नव्हती, ते सांगायला हवं.

काशीत एक रीत आहे. उतारवयात काही माणसं क्षेत्रसंन्यास घेतात. गंगेत उभं राहून संकल्प सोडायचा की आता पंचक्रोशीच्या बाहेर पाऊल टाकणार नाही. पंचक्रोशीचा रस्ता काशीला वेढा घालून जातो. त्याच्या आत मरण आलं तर मोक्ष, असा विश्वास. मग बाहेर जाऊन कशाला धोका पत्करायचा? काकांचे एक चुलतभाऊ होते. त्यांनी निवृत्तीनंतर वाजतगाजत क्षेत्रसंन्यास घेतला, मणिकर्णिकेवर स्नान केलं, गल्लीला जेवण घातलं. पंगतीत ते काकांना म्हणाले, "तुला काही हे जमायचं नाही. तुझ्या पायाला रेल्वेची चाकं आहेत." पुढच्या आठवड्यात काकांनी संकल्प सोडला. गुरुजी विचार करा म्हणत होते. काका म्हणाले, "विचार झाला. पाणी द्या हातावर."

काही महिन्यांतच चुलतभाऊ मुलीकडे इंदूरला निघून गेले. विचारलं तर म्हणायचे, औषधपाण्यासाठी चालतं. परत आले, पुन्हा गेले. काका मात्र अडकले ते अडकलेच.

"तो गेला म्हणून मी जाऊ?" ते मला म्हणाले होते. "म्हणजे मग त्याचंच खरं झालं ना, बँकवाले!"

आमराई रस्त्याच्या आतल्या अंगाला होती, म्हणजे मोक्षाच्या हद्दीत. बनवारीची चहाची टपरी रस्त्याच्या पलीकडे, हद्दीबाहेर. चहा त्या भागात त्याच्याइतका चांगला कुणाचा नव्हता. रोज सकाळी काका डांबराच्या कडेशी येऊन उभे राहत, पायाचा अंगठा नेमका कडेवर, आणि तिथून ओरडत, "बनवारी, एक कडक!" बनवारी ट्रकना हात दाखवत मातीचा कुल्हड घेऊन यायचा.

"का गुरू, आजो बॉर्डर पार ना करबा?"

"तू आहेस ना कस्टमवाला," काका म्हणायचे आणि निवलेला चहा प्यायचे. वर्षानुवर्षं त्यांनी तो निवलेलाच प्यायला.

काकूंचं माहेर जबलपूर. आईवडील लवकर गेले, थोरल्या बहिणीनं, माईनं, त्यांना वाढवलं, शिकवलं, लग्न करून दिलं. माईंचा रोज दुपारी फोन यायचा आणि दोघी न चुकता भांडायच्या. कढीला फोडणी आधी की मागून, यावर एक हिवाळा गेला. फोन ठेवताना माई दर वेळी विचारायच्या, "बेबी, येतेस कधी?" काकूंना रेल्वेच्या डब्याची पायरी चढता येत नव्हती आणि आतल्या संडासात बसता येत नव्हतं. म्हणून तर ही बस. काकू काकांना म्हणायच्या, "गाडी आहे, रस्ता आहे, गाडीवाला नवरा आहे. मग अडलंय कुठे?"

अडलं होतं अर्थिंगपाशी. काकू व्रताचा विषय काढत नसत आणि काकाही काढत नसत. माईंच्या नातवाचं लग्न ठरलं तेव्हा काकूंनी बॅग भरली, दशम्या केल्या. निघायच्या दिवशी सकाळी मी निरोप द्यायला गेलो, तर बॅटरीपाशी काका बसलेले आणि एक चांगली घट्ट बसलेली वायर पेचकसनं सोडवताना मला दिसले. मला पाहून त्यांनी डोळा घातला. मग हाका मारत उठले, "अगं ऐकलंस का, पुन्हा मामला बिघडला!" काकूंनी दशम्या आमराईत वाटल्या. माझ्या हातावर ठेवताना म्हणाल्या, "खा. तुझ्या काकांचं अर्थिंग खा." तेव्हा मला कळलं की काकूंनाही सगळं माहीत होतं. मला काकांचा राग आला आणि काकूंच्या दशम्या छान झाल्या होत्या म्हणून तो फार टिकला नाही, पण आला होता.

त्यानंतरच्या हिवाळ्यात माई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. वय बघून डॉक्टरांनी ऑपरेशन नको म्हटलं. त्या दिवशी फोनवर भांडण झालं नाही. माई एवढंच म्हणाल्या, "बेबी, येऊन जा. पुढचं काही सांगता येत नाही." काकूंनी फोन ठेवला आणि त्या बसच्या पायरीवर बसून राहिल्या.

काकांनी सवयीनं तोंड उघडलं. "आपण निघू. जरा अर्थिंग..."

"मी विचारलं नाही तुम्हांला," काकू म्हणाल्या.

संध्याकाळी हे कुरियनांच्या कानावर गेलं. ते दोन दिवसांनी नागपूरमार्गे घरी निघणारच होते; जबलपूर वाटेवरच. लीलाबाईंनी काकूंचा हात धरला आणि आपल्या व्हॅनकडे बोट दाखवलं. भाषेची गरज नव्हती. काकू हो म्हणाल्या.

मग काका पेटले. "त्या गाडीत? बसू नकोस त्या गाडीत. जिवाला धोका आहे."

"का? काय झालंय त्या गाडीला?"

"त्या गाडीचं वायरिंग मी केलंय, म्हणून सांगतो ना!"

आमराईत आधी कुणी हसलं नाही, मग कुरियनसाहेब हसले, मग सगळेच. काकू हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे वळल्या. "बँकवाले, सुट्टी मिळेल का तुला? आपलीच बस काढू. तू चालव. कमोड तरी असेल बरोबर. कुरियनसाहेब पुढे राहतील." मग काकांकडे बघून अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "तुम्ही नका येऊ. तुमचं व्रत आहे, मोडा असं मी म्हणणार नाही. दूधविनायकाला जा, पुतण्या जेवायला घालील."

आजवर काकांना कुणी तरी 'चला' म्हणत होतं आणि त्यांना सबबी सांगता येत होत्या. आता कुणी बोलावतच नव्हतं. तो माणूस दोन दिवस बसभोवती फिरत राहिला. वायर सोडवायची संधी हजार वेळा होती. मी रोज बँकेतून आल्यावर बॅटरी तपासत होतो. सगळं जागच्या जागी होतं.

निघायच्या सकाळी त्यांनी मला शेजारी उभं करून सगळी बटणं शिकवली. "हे पंख्याचं. हे पंपाचं, पण पंखा चालू असेल तर हे दिव्याचं. हे कधीच दाबायचं नाही." "का?" "ते मलाही माहीत नाही, पण दाबायचं नाही." मी मान डोलावत गेलो आणि त्यांना दिसत होतं की माझ्या डोक्यात काही शिरत नाहीये.

कुरियनांची व्हॅन रस्ता ओलांडून पलीकडे थांबली, आतून भोजपुरी गाणं चालू. मी बस काढली. काका खिडकीला धरून चालत होते, सूचना देत होते. डांबराच्या कडेशी आल्यावर त्यांचे पाय आपोआप थांबले. मी रस्ता बघून बस पलीकडे नेली आणि बनवारीच्या टपरीसमोर उभी केली. वळताना मी काय दाबलं कुणास ठाऊक, बसचा पंप सुरू झाला आणि ओट्यावरचा नळ धो-धो वाहायला लागला. काका पलीकडून ओरडत होते, "वरचं दाब! वरचं! अरे ते नव्हे!" मधून ट्रक जात होते, काही ऐकू येत नव्हतं. मी दुसरं बटण दाबलं तर पंखा लागला आणि पाणी उडायला लागलं. काकू भिजत होत्या आणि समोर बघत बसल्या होत्या. त्यांनी एकदाही मान वळवली नाही.

काकांनी आपल्या चपला काढल्या. त्या रस्त्याच्या आतल्या कडेला नीट जोडून ठेवल्या, बोटं आमराईकडे करून. मग दोन्ही हातांनी धोतर सावरत, ट्रकवाल्याला शिवी देत, अनवाणी रस्ता ओलांडून आले, आत चढले आणि कुठलंसं तिसरंच बटण दाबून पाणी बंद केलं.

"चपला आतच आहेत," ते धापा टाकत मला म्हणाले. "म्हणजे मी गेलेलो नाही. मी येतोच आहे."

काकूंनी शेजारच्या सीटवरची बॅग उचलून मांडीवर घेतली. काका त्या जागेवर बसले. टपरीवर बनवारी हातातला कुल्हड तसाच धरून उभा होता.

गंगेवरचा पूल लागला तसा काकांचा धीर सुटायला लागला. त्यांनी पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला. खाली नदी होती आणि समोर पैलतीर.

"अगं," ते म्हणाले, "त्या पार मरण आलं तर पुढचा जन्म गाढवाचा असतो. माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय? व्हा गाढव. मी ओळखीन तुम्हांला."

काकांनी जरा विचार केला. "कसं ओळखशील?"

"दुसऱ्याच्या दारात उभं असेल आणि हलायला तयार नसेल. त्यात काय अवघड आहे?"

मी आरशात पाहिलं. काका खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांच्या मिशा हलत होत्या. पूल केव्हा संपला ते त्यांना कळलं नाही.

वाटेत त्यांनी एक नवीन नियम काढला. काशीबाहेर डोळा लागू द्यायचा नाही. झोपेत काही झालं तर कळणारसुद्धा नाही, जागेपणी निदान गाडी मागे फिरवता येईल, असा त्यांचा हिशेब होता. रीव्याला मुक्काम झाला तिथे ते आडवे झालेच नाहीत. दुसऱ्या दिवशी मैहर गेलं, कटनी गेलं, डोळे लाल झाले, मान लुढकायला लागली की स्वतःलाच चिमटा काढायचे. एका ढाब्यावर अनवाणी उभं राहून त्यांनी तिथल्या मालकाचं मीटर उघडलं, निव्वळ जागं राहण्यासाठी. आम्ही निघालो तेव्हा ढाब्याची पाटी दिवसाढवळ्या उघडझाप करत होती आणि मालक खूश होता.

जबलपूरच्या वेशीपाशी कुरियनांनी निरोप घेतला. माईंच्या घरी पोचलो तेव्हा दुपार होती. काकू काठी टेकत, दांडा धरत उतरल्या आणि कुणाची वाट न बघता आत गेल्या. खाटेवर माई होत्या, चिमणीएवढ्या झालेल्या.

"इतका उशीर?" माई म्हणाल्या.

"अर्थिंग होत नव्हतं," काकू म्हणाल्या आणि खाटेच्या कडेला बसून त्यांनी माईंचं डोकं कुशीत घेतलं. मी आणि काका दारात उभे होतो. काकांनी खिशातला पेचकस काढला आणि दाराशेजारचा स्विचबोर्ड उघडायला घेतला. त्यांना स्क्रू सापडत नव्हता. मी त्यांना बाहेर घेऊन आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आतून भांडण ऐकू आलं तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं. कढीवरूनच होतं. माईंनी दोन घास जास्त खाल्ले. जेवणं झाल्यावर काका ओसरीतल्या आरामखुर्चीत बसले, डोळे ताणून उघडे ठेवत. मी पायरीवर पेपर वाचत होतो. थोड्या वेळानं त्यांचं बोलणं थांबलं. मी बघितलं तर मान एका बाजूला कललेली, तोंड किंचित उघडं, अनवाणी पाय पसरलेले. त्या उन्हात ते फार थकलेले आणि फार म्हातारे दिसत होते.

काकू माईंना औषध देऊन बाहेर आल्या. दारातच थबकल्या. मग भिंतीला धरत, गुडघ्यांचा आवाजसुद्धा होऊ नये अशा चालीनं खुर्चीपाशी गेल्या, वाकल्या आणि त्यांनी आपलं बोट काकांच्या नाकापाशी धरलं.

पुलावर गाढव व्हा म्हणणारी बाई ती. रीव्यापासून जबलपूरपर्यंत माझ्याशी गप्पा मारत आली, वाटेतल्या प्रत्येक गावचे पेरू बघून नाक मुरडत आली. त्या सगळ्या वाटेत ती मनात कसला हिशेब करत होती, ते मला त्या बोटाकडे बघून समजलं.

काकूंनी बोट बराच वेळ तसंच धरून ठेवलं. मग खुर्चीच्या हातावर टेकल्या आणि पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. हसताहेत की रडताहेत ते मला कळेना, आणि त्यांनाही कळत नसावं.

"चालू आहे," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या.

तेवढ्यात काकांनी असं काही घोरायला सुरुवात केली की आतून माई ओरडल्या, "बेबी, हे काय सुरू झालं?"

"काही नाही गं," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "झोपू दे त्यांना."